वर्षाचं वचन, गाडीची साक्ष आणि आईची चिठ्ठी

नगरची_पोर
९ नोव्हेंबर, रात्री १०:५२

जय ख्रिस्त आणि नमस्कार. खूप महिन्यांनी धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आम्ही मूळ नगरचे, आता पंधरा-सोळा वर्षं चिंचवडला. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ‘वर्षाचं वचन’ काढायची पद्धत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एका डब्यात बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात, बारा वाजून गेले की सगळे रांगेत जाऊन डोळे मिटून एकेक उचलतात आणि ते आपलं त्या वर्षाचं वचन, मग ती चिठ्ठी कोणी फ्रिजवर लावतं कोणी बायबलच्या कव्हरात ठेवतं कोणी लॅमिनेट करून गाडीत लावतं. यंदा माझ्या आईला अनुवाद (बायबलमधलं एक पुस्तक) २८:१३ निघालं, देव तुला मस्तक करील शेपूट नाही, ते. एवढी खूश होती की दूधवाल्यालासुद्धा वाचून दाखवलं.

मार्चमध्ये तिला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, फिजिओने पाय बराचसा परत आला, हात अजून नाही. जूनमध्ये पप्पांची कंपनी बंद पडली. आता मी आणि भाऊ मिळून ओढतोय, ठीक आहे, चाललंय, रडगाणं गायला आलेले नाही.

विषय वेगळाच आहे. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा आईला व्हीलचेअरवरून उपासनेला नेलं. त्या दिवशी साक्षीची वेळ होती, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची. एकाने नवी एसयूव्ही घेतल्याची साक्ष दिली, एका ताईंनी रावेतला टूबीएचके बुक झाल्याची, आणि एका मुलाने कॅनडाच्या पीआरची. प्रत्येक वेळी टाळ्या, हालेलूया, सगळं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू, त्या ताईंनी भाड्याच्या खोलीत फार हाल काढलेत. पण बाहेर पडताना एक बंधू आईच्या खुर्चीजवळ वाकून म्हणाले, “मावशी, कुठंतरी विश्वासात गळती असेल बघा. दशांश नियमित आहे ना?” (दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा मंडळीला द्यायचा.)

आई त्या माणसाला काही बोलली नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, “माझ्या चिठ्ठीचं काय झालं गं?”

तीन महिने झाले, माझ्याकडे उत्तर नाहीये. आशीर्वाद म्हणजे नक्की काय हो? गाडी-फ्लॅट म्हणजे आशीर्वाद, की ते सगळं वरवरचं आणि खरा आशीर्वाद आत्मिक? आणि आत्मिक म्हणायचं तर मग स्ट्रोक आलेल्या बाईला “तुझं तारण झालंय ना, बास की” असं सांगायचं का? मला दोन्ही उत्तरं घशाखाली उतरत नाहीयेत.

---

पॉपकॉर्नवाला
९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

धागा वाचतोय. आईंना लवकर आराम पडो.

---

प्रभूचा_रिक्षावाला
१० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

ताई मी दहावी नापास माणूस आहे चुकलं तर सांभाळून घ्या. पहिलं म्हणजे त्या बंधूंनी आईला असं बोलायला नको होतं, ते चूकच.

पण दुसरी बाजू पण ऐका. माझा बाप दारूत गेला. मी पण त्याच रस्त्यावर होतो, भाड्याची रिक्षा, संध्याकाळी हातात आले की गुत्त्यावर, बायको धुणीभांडी करायची आणि तिचे पैसे पण मी काढून घ्यायचो हे लिहायला लाज वाटते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका प्रार्थना सभेला बायकोने ओढून नेलं आणि तिथून मी दारू सोडली, एका दिवसात नाही, चार महिने लागले आणि दोनदा घसरलो. पण सुटली. सावकाराचे फिटले, स्वतःचं परमिट, स्वतःची रिक्षा, पोरगी आता इंजिनिअरिंगला आहे. मी साक्षीला उभा राहिलो तर काय सांगू? रिक्षाच सांगणार ना? मला आत्मिक शब्दात सांगता येत नाही, माझ्या घरात रॉकेलच्या जागी गॅस आला तोच माझा आत्मिक आशीर्वाद आहे.

ज्यांच्या घरी तीन पिढ्या शाळामास्तर आणि नर्स आहेत त्यांना गाडीची साक्ष उथळ वाटते. आमच्यासाठी देव खरा आहे का नाही हे पोटावरच कळलं.

---

नगरची_पोर
१० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या घरी खरंच तीन पिढ्या मास्तर आणि नर्स आहेत, त्यामुळे लागलं. बरोबर लागलं.

---

निवृत्त_सेवक
१० नोव्हेंबर, दुपारी ३:२०

मी ३८ वर्षं पाळक (चर्चचा धर्मगुरू) होतो, आता मुलाकडे असतो आणि नातवाच्या फोनवरून टाइप करतोय, त्यामुळे लांबण लागेल.

आधी आईसाहेबांच्या चिठ्ठीचं बोलू. अनुवादाचा २८वा अध्याय ६८ ओव्यांचा आहे. त्यातल्या पहिल्या चौदा ओव्या आशीर्वादाच्या आणि उरलेल्या सगळ्या शापाच्या. वचनांच्या डब्यात येतात त्या फक्त पहिल्या चौदातल्या. याच अध्यायात ४४व्या ओवीत नेमकं उलटं लिहिलंय, परका मस्तक होईल आणि तू शेपूट होशील. ती चिठ्ठी कोणी डब्यात टाकत नाही, टाकावी असंही मी म्हणत नाही, पण हे एका राष्ट्राशी, इस्राएलशी, केलेल्या कराराचं बोलणं आहे, कनानच्या वेशीवर उभ्या असलेल्या अख्ख्या लोकांना उद्देशून आहे. चिंचवडच्या एका मावशीचं वार्षिक राशिभविष्य नाही ते.

दुसरं पेटंट वचन यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, ते. दर वर्षी दहा-बारा जणांना तरी निघतं कारण त्याच्या चिठ्ठ्याच जास्त केलेल्या असतात (मी स्वतः केलेल्या आहेत, कबूल करतो). ते बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्याच्या बरोबर आदल्या ओवीत म्हटलंय की सत्तर वर्षांनी परत आणीन. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक सगळे तिथंच मरणार होते. त्यांना सांगितलं काय तर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला पाठवलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हिताचा संकल्प असा होता.

आता ही गाडीची साक्ष आली कुठून ते. आपल्या जुन्या मराठी मंडळ्यांत ही पद्धत नव्हती. साक्ष म्हणजे पाप, पश्चात्ताप, नवा जन्म. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर रोग बरे करणाऱ्या तंबू-सभांची लाट आली, त्यातले एक मोठे नाव ओरल रॉबर्ट्स. त्यांनी स्वतःच सांगितलेली गोष्ट अशी की १९४७ मध्ये ३ योहानाची दुसरी ओवी त्यांच्या डोळ्यांपुढे आली, तुझ्या जिवाची भरभराट आहे तशी तुझी सर्व बाबतींत भरभराट होवो आणि तुला आरोग्य लाभो, आणि त्यांना वाटलं की देवाला आपण श्रीमंत व्हावं असं वाटतं. लगेच त्यांनी नवी ब्यूक गाडी घेतली. म्हणजे बघा, या शिकवणीची सुरुवातच गाडीच्या साक्षीने आहे! पुढे त्यांनी ‘विश्वासाचं बी’ ही कल्पना चालवली, पैसे पेरा आणि देवाकडून पिकाची अपेक्षा ठेवा, आणि टीव्हीवरून ती जगभर गेली. आपल्याकडे केबल आल्यावर घराघरात आली.

पण ती ओवी आहे काय? योहानाने गायस नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्राचा मायना आहे तो. आपण नाही का लिहीत, इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवावी. पत्राच्या मायन्यावर सिद्धांत उभा करायचा तर उद्या कोणी आपल्या पत्रातलं ‘लोभ असावा’ वाचून म्हणेल की मराठी माणसाच्या धर्मात लोभ करण्याची आज्ञा आहे.

बाकीचं उद्या, नातू फोन मागतोय.

---

गावठाणातला
१० नोव्हेंबर, रात्री ९:३०

‘लोभ असावा’ 😂 पाळकसाहेब दंडवत.

आम्ही कॅथलिक, ईस्ट इंडियन, मुंबईतल्या एका गावठाणात राहतो. आमच्यात चिठ्ठी-बिठ्ठी नाही पण स्वतःला फार शहाणे समजायचं कारण नाही. वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला सप्टेंबरात जा, स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळं मिळतात, ज्याचं जे दुखतं ते वाहायचं, आणि त्याच्या शेजारी मेणाचं घर, मेणाची गाडी, विमानसुद्धा. माझ्या बहिणीने तीन वर्षं मेणाचं घर वाहिलं. त्या रांगेत ख्रिस्ती जेवढे तेवढेच हिंदू, आणि माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनालाही (खास प्रार्थनेला) तेच चित्र. देवाकडे घर मागायला कोणाला अमेरिकेच्या टीव्हीची गरज पडलेली नाही हो. फरक असेल तर एवढाच की मोत माउलीला घर नाही मिळालं तर तुझा विश्वास कमी होता असं आम्हाला कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी परत वाहायचं.

एक वेगळीच गोष्ट सांगतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो, कापणीचा सण. भाताची नवी कणसं मिरवत चर्चमध्ये न्यायची, फादर आशीर्वाद देतात, मग ती घरोघर. माझ्या आजोबांच्या वेळी ती कणसं स्वतःच्या शेतातली असायची. आता शेतावर टॉवर आहेत, ज्यांनी विकलं त्यांच्याकडे पैसा आला, काहींचा टिकला काहींचा दोन पिढ्यांतच गेला. कणसं आता लांबून मागवावी लागतात. दर वर्षी मी ती कणसं हातात घेऊन उभा असतो आणि मला कळत नाही की आशीर्वाद कशावर मागतोय, शेत तर नाही. आमच्या बापजाद्यांनी दोन्ही हातांनी भौतिक आशीर्वाद घेतला आणि त्या नादात ज्याच्यावर आशीर्वाद मागायचा ते शेतच गेलं.

असो, अवांतर झालं.

---

खरं_बोलतो
१० नोव्हेंबर, रात्री ११:५८

म्हणजे शेवटी तांदळाच्या पोत्यासाठीच धर्म बदलला हे तुम्हीच कबूल करताय तर. गाडी, गॅस, फ्लॅट. आमिष आमिष म्हणतात ते हेच.

---

निवृत्त_सेवक
११ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

खरं_बोलतो, तुमचा राग मी चाळीस वर्षं ऐकतोय, त्यामुळे शांतपणे सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंना ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे मांग-महार समाजातला जो माणूस बाप्तिस्मा घेतो तो नोकरीच्या, शिष्यवृत्तीच्या, राखीव जागेच्या कागदावर पाणी सोडतो. आमिष असेल तर भलतंच उफराटं आमिष आहे. माझ्या स्वतःच्या मंडळीत हुशार मुलांना या कारणाने कॉलेज सुटलेलं मी पाहिलंय आणि त्यांच्या आईबापांना काय उत्तर द्यावं हे मला कधी कळलं नाही.

पण तुमच्या टोमण्यातला एक भाग मी उचलून धरतो. व्यासपीठावरून “येशूकडे या, कर्ज फिटेल” असं सांगणारे माझे बंधू तुमच्या हातात आयता दगड देतात. आमच्यावर जो आरोप दीडशे वर्षं होतोय तो आता आम्हीच लाउडस्पीकरवर करतोय.

---

अ‍ॅडमिन
११ नोव्हेंबर, सकाळी ९:००

धर्मांतर बरोबर की चूक हा या धाग्याचा विषय नाही, त्यासाठी जुना धागा आहे. ‘खरं_बोलतो’ यांचे त्यानंतरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ विषयावर बोलावे.

---

वॉर्डातली_सिस्टर
११ नोव्हेंबर, दुपारी २:४५

नाइट संपवून झोपले होते, उठून हे वाचलं आणि राहवलं नाही. मी २२ वर्षं नर्स आहे. गोड बोलता येत नाही.

मागच्या वर्षी आमच्याच ओळखीतली एक बाई, शुगर, इन्सुलिनवर. कोणीतरी सांगितलं की आरोग्य हा तुझा हक्क आहे, ख्रिस्ताने वधस्तंभावर विकत घेऊन ठेवलाय, इन्सुलिन घेणं म्हणजे अविश्वास. तिने बंद केलं. शुद्ध हरपलेल्या अवस्थेत आमच्याकडे आणली, वाचली, पण पायाची तीन बोटं काढावी लागली. ज्याने सांगितलं तो भेटायला आला नाही. पुढच्या रविवारी त्याच व्यासपीठावर दुसऱ्याच कोणाची तरी बरं झाल्याची साक्ष होती.

बोटं गेलेल्याची साक्ष कोणी घेत नाही. साक्षीच्या वेळी माइक फक्त बऱ्या झालेल्यांच्या हातात जातो, त्यामुळे बाकावर बसलेल्याला वाटतं सगळ्यांचं भलं होतंय, मीच तेवढा राहिलो.

बायबल मला फार येत नाही पण एवढं येतं. पौलाने, येशूच्या प्रेषिताने, स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, उत्तर काय आलं तर माझी कृपा तुला पुरे. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून पुढे गेल्याचं लिहिलंय आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलंय. म्हणजे पौलाच्या टीममध्येच दोन पेशंट. कोणाला विश्वास कमी म्हणाला का तो?

नगरच्या पोरी, आईचा हात किती महिने झाला? हाताला पायापेक्षा वेळ लागतोच. फिजिओ बंद करू नका, ‘आता काय होणार’ असं म्हणून लोक सोडतात तिथेच चुकतं.

---

नगरची_पोर
११ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

सिस्टर, आठ महिने. बोटं थोडी हलतात आता. नाही सोडत.

आणि माइकचं तुम्ही म्हणालात ते… मी कधी असा विचारच केला नव्हता. ऑगस्टच्या त्या रविवारी आई माइकपासून दहा फुटांवर होती.

---

मंडळीचा_खजिनदार
११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

आयडी बघून कळलंच असेल. कुठल्या मंडळीचा ते विचारू नका.

दशांशावर बोलायलाच हवं कारण “दशांश नियमित आहे ना” हे वाक्य मी पण बोललोय, एकदा नाही. मलाखी ३:१० आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचतो, सगळा दशांश भांडारात आणा आणि बघा मी आकाशकपाटं उघडतो की नाही. सगळ्यांचं लक्ष आकाशकपाटांकडे. पण भांडार कशाला होतं? अनुवाद १४ च्या शेवटी लिहिलंय, दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा आणि लेवी (मंदिरात सेवा करणारे), परदेशी, पोरका, विधवा यांनी तो खाऊन तृप्त व्हायचं. म्हणजे दशांश ज्याच्याकडून गोळा करायचा ती विधवा नाही, ज्याला द्यायचा ती विधवा!

हे मला तीन वर्षांपूर्वी बायबल क्लासमध्ये कोणीतरी दाखवलं आणि मी घरी येऊन आमचा ताळेबंद काढला. त्या वर्षी साउंड सिस्टीम आणि एलईडी वॉलवर आम्ही जेवढा खर्च केला होता त्याच्या एक दशांशसुद्धा गरजूंच्या फंडात गेला नव्हता. आणि विधवांची पाकिटं सगळ्यात नियमित. ५० रुपये, १०० रुपये, पण दर महिन्याला. मार्क १२ मधल्या दोन टोल्या (अगदी छोटी नाणी) दानपेटीत टाकणाऱ्या विधवेवर प्रवचनं ऐकून ऐकून मोठा झालो, पण त्याच्या दोनच ओव्या आधी येशू म्हणतो की हे शास्त्री विधवांची घरं गिळतात, ते कोणी जोडून वाचलंच नव्हतं.

कमिटीत विषय काढला. वादावादी झाली, दोन मीटिंगा वाया गेल्या. आता दर महिन्याच्या अर्पणातला ठरावीक भाग बाजूला पडतो, फार नाही, पण सहा घरांत औषधं जातात. पोरी, तुमच्या मंडळीतून आईच्या फिजिओला कोणी काही दिलं का? कुचकटपणे नाही विचारत, खरंच विचारतोय.

---

नगरची_पोर
११ नोव्हेंबर, रात्री १०:४१

प्रार्थना दिली. बरीच. आणि एका आजीने दर शुक्रवारी डबा दिला, अजून देते. तिला पेन्शन पण नाही.

---

प्रभूचा_रिक्षावाला
१२ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

खजिनदार साहेब हे वाचून मी रात्री बायकोशी बोललो. ती म्हणाली तुम्ही साक्षीत रिक्षा सांगता पण माझे पैसे काढून घ्यायचे ते का नाही सांगत. ते सांगितलं तर रिक्षा कशी मिळाली ते लोकांना कळेल. गप्प बसलो.

---

देहूचा_वारकरी
१२ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

ख्रिस्ती नाही, वाचक आहे, थोडं बोलू का. आमच्याकडे पण हेच आहे हो. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याचं जहाज प्रसाद टाळला की बुडतं आणि प्रसाद खाल्ला की वर येतं. हिशेब चोख. आणि त्याच मातीत आमचे तुकोबा, घरात दुष्काळ, बायको-पोर गेलेलं, आणि लोकांकडून येणं असलेली खतं निम्मी भावाला देऊन आपली निम्मी इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. धर्म तोच, गाव शेजारचं, आणि आशीर्वादाची व्याख्या दोन टोकांची. आम्ही वारीत तुकोबांचा जयजयकार करतो आणि घरी आल्यावर पूजा जहाजासाठी घालतो, मीही घालतो.

---

निवृत्त_सेवक
१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५०

वारकरी दादा, आमचे नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्यामुळे तुम्ही परके नाहीच. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीत होते, आणि १९१७ मध्ये ती नोकरी पगारासकट सोडून संन्यासी झाले. ‘देवाचा दरबार’ काढला, दोन वर्षांत गेले. घरी पैसा कधी टिकला नाही, आला की कोणाला तरी देऊन मोकळे, आणि त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती बसली ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, हसत हसत लिहिलंय पण झळ कळते. म्हणून मी तरुण पाळकांना सांगायचो, वैराग्याचं कौतुक करताना स्वयंपाकघरात जाऊन या. पुरुषाचा आत्मिक आशीर्वाद कधी कधी बायकोच्या डब्यातल्या पिठातून जातो.

पोरीने सुरुवातीला विचारलं, की आत्मिक म्हणायचं तर “तारण झालंय ना, बास” असं सांगायचं का. नाही सांगायचं. याकोबाच्या पत्रात हेच थट्टेच्या सुरात आहे, उघड्या-उपाशी माणसाला ऊब घे, जेव, असं म्हणून वाटेला लावलं तर काय उपयोग. पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या, केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली. प्रार्थनेवर भिस्त अशी की ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा, प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवणाऱ्याचा, आदर्श समोर होता. पण नुसती प्रार्थना नाही हं, शेती, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना, सगळं होतं, आणि अमेरिकेत फिरून भाषणं करून उभा केलेला पैसाही होता. १९०५ ची ती प्रसिद्ध जागृती, रात्र-रात्र रडून प्रार्थना करणाऱ्या मुली, ती तिथंच झाली जिथे आधी त्या मुलींना जेवण, आंघोळ, बिछाना आणि हाताला काम मिळालं होतं. त्याच बाईची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या आधी, गेली. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. आता त्या बंधूंनी रमाबाईंना विचारावं, गळती कुठं होती?

इफिसच्या पत्रात पौल म्हणतो, ख्रिस्तात प्रत्येक आध्यात्मिक आशीर्वाद आपल्याला देऊन झालाय. देणार नाही, दिलाय. आणि हे तो बंदिवासातून लिहितोय. मला त्याचा अर्थ असा कळतो की देवाचं माझ्यावरचं प्रेम आता माझ्या बँक-पासबुकात बघायचं नाही, तो हिशेब मिटला. मग गाडी आली तर गाडी, ती देवाचीच देणगी, नाकारू नये, शेजाऱ्याला दवाखान्यात न्यावं तिच्यातून. नाही आली तर ‘देव रुसला’ असं नाही. भौतिक आशीर्वाद खोटा नाही, पण तो पुरावा नाही. आणि आपण साक्षीत त्याला पुरावा म्हणून सादर करतो, तिथं आईसाहेबांसारखी माणसं आरोपीच्या पिंजऱ्यात जातात.

मी स्वतः असं कुणाला उभं केलं नसेल असं नाही. त्या ३८ वर्षांत दोन-तीन चेहरे आहेत. एक बाई अजून आठवते, तिच्या मुलाच्या वेळी मी काय बोललो होतो ते इथे लिहीत नाही.

---

बॉस्टनकर
१३ नोव्हेंबर, सकाळी ४:५५

इथून एक बातमीची भर. टीव्हीवरचे प्रसिद्ध प्रचारक बेनी हिन यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की समृद्धीच्या शिकवणीत आपण फार पुढे गेलो, देवाच्या आशीर्वादाला किंमतीचं लेबल लावणं चुकीचं आहे. त्याआधी जिम बॅकर, टीव्हीवरचे मोठे नाव, १९८९ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले आणि नंतर आपण चुकलो असं पुस्तकच लिहिलं. पुढे काय केलं ते वेगळं. म्हणजे ज्या दुकानातून माल आला तिथले मालक माल परत घ्या म्हणतायत आणि आपल्याकडे अजून सेल चालूय.

---

पॉपकॉर्नवाला
१३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

एवढा शांत धागा या विभागात पहिल्यांदा बघतोय. पॉपकॉर्न परत ठेवले.

---

वॉर्डातली_सिस्टर
१३ नोव्हेंबर, रात्री ८:००

पाळकसाहेब, त्या बाईला फोन करा. नंबर नसेल तर मंडळीतून मिळेल.

---

नगरची_पोर
१७ नोव्हेंबर, रात्री ११:३०

चार दिवस लॉगिन नव्हते. सगळा धागा मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. रिक्षावाल्या दादांच्या बायकोचं वाक्य तिला सगळ्यात आवडलं, दोनदा वाचायला लावलं. ‘लोभ असावा’वर हसली, आणि रमाबाईंच्या मुलीचं वाचलं तेव्हा खिडकीकडे बघत बसली.

मग म्हणाली, अनुवाद अठ्ठावीस पूर्ण वाच. वाचलं. अडुसष्ट ओव्या, पाऊण तास, कारण मधे मधे थांबवत होती. ४४वी आली तेव्हा म्हणाली, “हां, म्हणजे माझी चिठ्ठी कोणीतरी मधूनच फाडलीये.”

काल संध्याकाळी बघते तर डायनिंग टेबलवर जुनं कॅलेंडर, कात्री, आणि आई डाव्या हाताने चिठ्ठ्या कापतेय. वेड्यावाकड्या. डाव्या हातानेच लिहिलंय, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलंय. योहान १६:३३, जगात तुम्हाला क्लेश होतील तरी धीर धरा. हबक्कूक ३:१७, अंजिराला मोहोर नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी, ते (हे नगर जिल्ह्याचंच वर्णन आहे म्हणाली). नीतिसूत्रे ३०:८, मला दारिद्र्यही नको संपत्तीही नको, पुरेसं अन्न दे. आणि ती काट्याची. एकूण अकरा झाल्यात, वीस करायच्यात म्हणे. फिजिओवाला मुलगा खूश, म्हणतो आता उजव्या हाताने कागद धरायला लावा.

डबा पाळकबाईंकडे असतो आणि त्या आईच्या जुन्या मैत्रीण, त्यामुळे चिठ्ठ्या आत जातील यात शंका नाही. मी म्हणलं मम्मी, अगं नवीन वर्षाच्या रात्री बारा वाजता एखाद्याला ‘क्लेश होतील’ निघालं तर? तर म्हणते, त्या गळतीवाल्या भावाला निघावी म्हणून प्रार्थना करतेय.

---

प्रभूचा_रिक्षावाला
१८ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

मावशींना सलाम सांगा. ३१ च्या रात्री रिक्षा लागली तर मी आहे, चिंचवड लांब नाही मला, व्हीलचेअर मागे बसते. आणि कोणाला काय निघालं ते इथं नक्की टाका.